टक्के नेमके कशाचे? खरेदी, सेल आणि हॉटेलच्या बिलाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळेत शेकडेवारीत पैकीच्या पैकी मार्क घेतलेली माणसंसुद्धा सेलच्या पाटीसमोर गोंधळतात, आणि त्यात गणिताचा दोष नसतो, पाटीवर फक्त "४० टक्के" लिहिलेलं असतं आणि ते कशाचे ४० टक्के हे लिहिलेलं नसतं. तेवढं एक विचारायची सवय लागली की खालचे अर्धे प्रश्न पडणारच नाहीत.

मोबाईल न काढता टक्के पटकन कसे काढायचे?

आधी १० टक्के काढा, म्हणजे शेवटचा आकडा सोडून द्या. बिल ७४० झालं तर १० टक्के म्हणजे ७४. त्याचं निम्मं ३७, ते झाले ५ टक्के. १५ हवेत तर दोन्हीची बेरीज, १११. १८ टक्के हवेत तर २० टक्के काढून (७४ दुप्पट, १४८) त्यातून २ टक्के (साधारण १५) वजा करा, १३३ च्या आसपास येतं.

२५ टक्के म्हणजे पाव, ५० म्हणजे निम्मं, ७५ म्हणजे पाऊण. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली त्यांना हे शिकवायची गरजच नाही, ती माणसं आजही दुकानदाराच्या आधी आकडा सांगतात. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग, जुन्या हिशोबात रुपयामागे दोन आणे.

अजून एक गंमत, जी फार कमी लोक वापरतात: आकडे उलटे करा. ५० चे १८ टक्के काढायला त्रास होतो ना, मग १८ चे ५० टक्के काढा, उत्तर तेच, ९. ३६ रुपयांचे २५ टक्के आणि २५ रुपयांचे ३६ टक्के, दोन्ही ९ च.

३५ टक्के सूट असेल तर आधी सूट काढून मग वजा करायची का?

चालतं, पण डायरेक्ट द्यायचे पैसे काढणं सोपं. ३५ सूट म्हणजे ६५ द्यायचे. कुर्ता १९०० चा, १० टक्के १९०, त्याचे सहापट ११४०, वर ५ टक्क्यांचे ९५, झाले १२३५. वजाबाकीत हातचा चुकण्याची भानगड राहत नाही.

"५०% + २०% ऑफ" म्हणजे ७० टक्के ऑफ ना?

नाही, आणि दुकानवाल्यांना नेमकं तेच तुम्हाला वाटायला हवं असतं. हजाराच्या वस्तूवर आधी ५० टक्के गेले, राहिले ५००. आता २० टक्के त्या ५०० चे, म्हणजे १००. द्यायचे ४००, एकूण सूट ६० टक्के. वर बँकेच्या कार्डाची १० टक्के असेल तर तीही त्या ४०० वर, म्हणजे ३६० आणि सूट ६४. बेरीज केली तर ८० व्हायला हवी होती.

पद्धत एकच, राहिलेल्याचा गुणाकार करायचा. "४० + ३०" असेल तर ०.६ गुणिले ०.७ म्हणजे ०.४२, सूट ५८ टक्के. समोरच्या दुकानात साधी सरळ "फ्लॅट ६०" लिहिलेलं असेल तर तिथे जा, पाटी छोटी असली तरी. आधी २० आणि मग ५० लावलं तरी उत्तर तेच येतं, त्यामुळे काउंटरवर "आधी मोठी सूट लावा" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही.

"अप टू ७०%" लिहिलंय, मला ७० मिळेल का?

कोपऱ्यातल्या एका रॅकवर मिळेल, जिथे फक्त डबल एक्सेल आणि पिस्ता रंग शिल्लक आहे. "अप टू" चा अर्थ जास्तीत जास्त, बाकी सगळं त्याच्या खाली.

एकावर एक फ्री, दोनावर एक फ्री, यात टक्के किती?

फुकट नग भागिले एकूण नग. एकावर एक म्हणजे ५० टक्के, दोनावर एक ३३, तिनावर दोन ४०. फक्त हे टक्के तेव्हाच खरे जेव्हा ते सगळे नग तुम्हाला मुळात हवे होते. एकच टीशर्ट हवा होता आणि दोनाचे पैसे देऊन तीन आणले तर सूट ३३ टक्के झाली पण खर्च दुप्पट झाला. आणि जो फ्री देतात तो नेहमी सगळ्यात स्वस्तातला असतो, म्हणून वेगवेगळ्या किमतीचे कपडे घेतले की खरी सूट ३३ च्या खालीच येते.

"२५% एक्स्ट्रा" पॅक आणि "२५% ऑफ" यात काही फरक आहे का?

आहे. १०० ग्रॅमच्या पैशात १२५ ग्रॅम मिळाले तर ग्रॅममागे २० टक्केच स्वस्त पडलं. २५ टक्के ऑफ केव्हाही बरं.

उलटा प्रकार जास्त वाईट. पुडा तोच, किंमत तीच, आतला माल १०० ग्रॅमवरून ९० ग्रॅम. माल १० टक्के कमी झाला पण भाव ११ टक्क्यांहून थोडा जास्तच वाढला, कारण आता तेच पैसे ९० ग्रॅमवर पसरले. पाकिटावर बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस, म्हणजे ग्रॅममागे किंवा मिलीमागे किती, हे छापलेलं असतं, तुलना करायची तर तोच आकडा बघा. मोठा पॅक नेहमी स्वस्तच पडतो असं अजिबात नाही.

एमआरपीच्या वर जीएसटी लावू शकतात का?

नाही. एमआरपी म्हणजे सगळे टॅक्स धरूनची जास्तीत जास्त किंमत. किराणावाला "थंड करायचे दोन रुपये" म्हणून दुधाच्या पिशवीवर किंवा कोल्ड्रिंकवर जास्त घेतो ते चुकीचंच, तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. सेलमध्ये "डिस्काउंट दिलाय म्हणून जीएसटी वेगळा" हेही पटण्यासारखं नाही, एमआरपीत टॅक्स आधीच आहे तर सूट दिल्यावर तो पुन्हा बाहेर कसा निघाला?

एक अपवाद लक्षात ठेवा म्हणजे उगाच भांडण होणार नाही. हॉटेलात बसून पाण्याची बाटली मागवली तर ते एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये तसं सांगितलंय, कारण तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सर्व्हिसही देतात असं धरलंय.

किमतीत जीएसटी धरलेला असेल तर मूळ किंमत कशी काढायची?

वजाबाकी नाही, भागाकार. २३६० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय, तर २३६० चे १८ टक्के (४२४.८०) काढून वजा करू नका. २३६० भागिले १.१८, म्हणजे २०००, टॅक्स ३६०. जीएसटी त्या २००० वर लागलाय, २३६० वर नाही. ५ टक्के असेल तर १.०५ ने भागायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ वरून ५ झाला, मग शॅम्पू १३ टक्के स्वस्त का नाही झाला?

हा प्रश्न तेव्हा प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरत होता आणि दर वेळी कोणीतरी "कंपन्या लुटतात" म्हणून हात झटकायचं. कंपन्यांचं काय ते बघता येईल, पण आधी हिशोब बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य दर ५ आणि १८ असे दोनच राहिले, १२ आणि २८ चे टप्पे गेले. शॅम्पू, खोबरेल तेल, टूथपेस्ट, अंघोळीचा साबण असल्या वस्तूंपैकी ज्या १८ मध्ये होत्या त्या ५ मध्ये आल्या.

आता ज्या शॅम्पूची टॅक्सशिवाय किंमत १००, तो आधी ११८ ला होता, नंतर १०५ ला. फरक १३ रुपयांचा, पण तुम्ही आधी ११८ देत होता, म्हणून सूट ११८ च्या मानाने बघायची, ती येते ११ टक्के. दर १३ पॉइंटने उतरला आणि किंमत ११ टक्क्यांनी, दोन्ही बरोबर. एसी २८ वरून १८ वर आला, तिथे लोकांना वाटलं १० टक्के स्वस्त, पण १२८ चे ११८ म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. ४०,००० चा एसी ३६,८७५ व्हायला हवा, ३६,००० नाही. पॅकबंद फरसाण १२ वरून ५ वर आलं, म्हणजे ८० चं पाकीट ७५ ला. एवढं झालं असेल तर दुकानदाराने पूर्ण फायदा दिला, झालं नसेल तर मग खुशाल बोला त्याला.

कपड्यांवर ५ टक्के की १८?

नगाची किंमत २५०० पर्यंत असेल तर ५, वर गेली की १८, आणि १८ लागले तर पूर्ण किमतीवर लागतात, फक्त वरच्या रुपयांवर नाही. टॅक्सशिवाय २५०० चा ड्रेस २६२५ ला पडतो आणि २५०१ चा २९५१ ला! एका रुपयाने सव्वातीनशेची उडी. म्हणून मोठ्या दुकानांत त्या हद्दीच्या अलीकडे खूप माल लटकलेला दिसतो. चपला-बुटांनाही हाच २५०० चा नियम.

हॉटेलच्या बिलावर जीएसटी किती असायला हवा? एसीत बसलं तर जास्त का?

साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, एसी असो नसो. १५ नोव्हेंबर २०१७ च्या आधी एसीला १८ आणि बिगर-एसीला १२ होते, त्यामुळे एसी हॉल म्हटलं की जास्त टॅक्स असं लोकांच्या डोक्यात अजून बसलंय. एसी हॉलचं मेनूकार्ड महाग असू शकतं, तो त्यांचा रेट, टॅक्स तोच. मोठ्या स्टार हॉटेलात, जिथे खोलीचं भाडं ७५०० च्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटला मात्र १८.

बिलावर सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५ असे दोन वेगळे दिसतात, दोन्ही मिळून ५, डबल टॅक्स वगैरे काही नाही, निम्मा केंद्राला निम्मा राज्याला.

आणि छोट्या खानावळीच्या बिलावर "कंपोझिशन" (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असं काही लिहिलेलं असेल तर ते गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाहीत, त्यांनी तो स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. वरती कंपोझिशन आणि खाली ५ टक्के, असं दोन्ही एकाच बिलावर दिसलं तर शांतपणे विचारा. बियरचा जीएसटीशी संबंध नाही, दारूवर राज्याचा व्हॅट लागतो, तो बिलात वेगळ्या ओळीत येतो.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं की हॉटेलने तो आपोआप बिलात टाकायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. पण मुद्दा टक्क्यांचा बघा. २००० चं जेवण, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, झाले २२००, आणि काही ठिकाणी जीएसटी या २२०० वर लावतात, म्हणजे २३१०. सर्व्हिस चार्ज नसता तर २१०० झाले असते. १० टक्के म्हणून २०० समजत होतात, गेले २१०, कारण टॅक्सवाल्या टक्क्यांनी चार्जलाही धरलं. काढून टाका म्हटलं की बहुतेक मॅनेजर काढतात, त्यात लाजायचं काही नाही, नाहीच काढलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वेटर चांगला होता तर तेच पैसे त्याच्या हातात द्या, मला तरी हे जास्त बरं वाटतं.

मग टिप किती टक्के?

आपल्याकडे नियम नाही. बडीशेपेच्या वाटीत सुटे ठेवायची पद्धत आहे, मोठ्या जागी लोक ५ ते १० टक्के ठेवतात.

मुलाकडे अमेरिकेला गेलात तर मात्र हिशोब बदलतो, तिथे बसून जेवलं की १५ ते २० टक्के टिप धरूनच चालायचं आणि मेनूवरच्या किमतीत टॅक्सही नसतो. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. ६० डॉलरचं जेवण, टॅक्स साधारण ४, टिप १८ टक्क्यांनी १०.८०, एकूण ७५ च्या जवळ. म्हणजे मेनूतल्या आकड्याची सव्वापट धरायची की डोक्याला ताप नाही. टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढायची, कार्डच्या मशीनवर सुचवलेले आकडे कधी कधी टॅक्ससकट रकमेवर असतात ते बघून घ्या. आणि सहा-आठ जण असाल तर ग्रॅच्युइटी बिलातच टाकलेली असू शकते, मग पुन्हा टिप नको. कपड्यांवर मात्र न्यू जर्सीत सेल्स टॅक्सच नाही, त्यामुळे शॉपिंग तिथे करा म्हणून सुना-मुली सांगतात ते खरंय.

टीटीएमएम करायचंय, प्रत्येकाचं वेगळं, वर डिस्काउंट आणि जीएसटी. कसं वाटायचं?

तिघांनी २८०, ३४० आणि १८० चं खाल्लं, एकूण ८००. १० टक्के डिस्काउंट, राहिले ७२०, त्यावर ५ टक्के जीएसटी, झाले ७५६. आता शेवटच्या रकमेला मेनूच्या रकमेने भागा, ७५६ भागिले ८०० म्हणजे ०.९४५. प्रत्येकाच्या आकड्याला तेवढ्याने गुणा: २६४.६०, ३२१.३०, १७०.१०. संपलं. टॅक्स कोणाचा किती, डिस्काउंट कोणाचा किती, असली वेगळी चर्चा नको. फक्त बियरवाल्यांचा हिशोब वेगळा काढा कारण तिथला टॅक्स वेगळा, नाहीतर ताक पिणाऱ्याच्या माथी व्हॅट येतो.

डिस्काउंट टक्क्यात असेल तर जीएसटीच्या आधी लावा की नंतर, उत्तर सारखंच. रुपयात असेल तर फरक पडतो. २००० च्या बिलातून आधी २०० वजा केले तर १८०० वर टॅक्स, १८९०. नंतर वजा केले तर २१०० वजा २००, म्हणजे १९००.

ॲपवर "६०% ऑफ, १२० रुपयांपर्यंत" आणि दुसरं "१५% ऑफ", कुठलं कूपन घेऊ?

१२० भागिले ०.६, म्हणजे २०० रुपयांनाच पहिल्या कूपनचा दम संपतो. ४८० ची ऑर्डर केली की ते २५ टक्क्यांचं होतं, ६०० ला २० चं. ८०० वर दोन्ही सारखी, १२० ची सूट. ८०० च्या वर १५ टक्केवालं घ्या, अर्थात त्याला मर्यादा नसेल तर, तेही वाचून घ्या. शिवाय ही सूट फक्त पदार्थांवर असते. डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी वेगळी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. पूर्ण बिल बघून हॉटेलच्या मेनूकार्डाशी ताडून बघितलं तर बरेचदा ६० टक्के सूट घेऊनही आपण काउंटरपेक्षा जास्तच दिलेले असतात.

कॅशबॅक आणि नो कॉस्ट इएमआय, हे टक्के खरे का?

१० टक्के कॅशबॅक म्हणजे १० टक्के सूट नाही. १००० दिले, १०० पॉइंट आले, ते पुन्हा तिथेच खर्च केले तर १००० मध्ये ११०० चा माल आला, म्हणजे ९ टक्के, आणि पॉइंट वापरायचे विसरलात तर शून्य. नो कॉस्ट इएमआयमध्ये व्याजाएवढी सूट देतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडेच राहतो. व्याज १३०० असेल तर तो २३४, वर प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याला काही सूट मिळत असेल आणि इएमआयवाल्याला नसेल तर तीही खर्चात धरा.

कांदा ५० टक्के महाग झाला आणि मग ३३ टक्के स्वस्त, तरी अजून महागच ना?

नाही, मूळ भावाला आला. ३० चा ४५ झाला, वाढले १५, ते ३० च्या निम्मे, म्हणून ५० टक्के. ४५ चा परत ३० झाला, तेच १५ पण आता ४५ च्या मानाने, म्हणून ३३. उलट २० टक्के वाढून २० टक्के उतरलं तर १०० चे १२० आणि १२० चे ९६, म्हणजे पहिल्यापेक्षा स्वस्त. पेपरातल्या बातमीत नुसते टक्के दिले की मूळ भाव शोधा.

सोनाराकडे "घडणावळीवर ५०% सूट" लिहिलंय, म्हणजे किती वाचतील?

वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. हिशोबाला सोपं म्हणून ग्रॅमचा भाव १०,००० धरू. १० ग्रॅमची चेन, सोनं १ लाखाचं. घडणावळ १२ टक्के, म्हणजे १२,०००. या १,१२,००० वर ३ टक्के जीएसटी, ३३६०, एकूण १,१५,३६०. आता घडणावळ निम्मी केली, ६०००, मग १,०६,००० वर ३ टक्के, एकूण १,०९,१८०. वाचले ६१८०, म्हणजे बिलाच्या साडेपाच टक्क्यांच्याही आत. पाटीवर ५० दिसत होते, कारण ते फक्त मजुरीचे ५० होते. दुसऱ्या पेढीवर सूट काही नाही पण घडणावळच ६ टक्के असेल तर दोन्ही सारखे, म्हणून सूट विचारू नका, घडणावळ किती टक्के ते विचारा.

अजून एक, घडणावळ टक्क्यात असली की सोन्याचा भाव वाढला की मजुरीही आपोआप वाढते, कारागिराचं काम तेवढंच असलं तरी. ग्रॅममागे ठरावीक रुपये असा रेट मिळत असेल तर तो मागून बघा. हॉलमार्कवरचे आकडे पण टक्केच आहेत, ९१६ म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध (२२ कॅरेट), ७५० म्हणजे ७५ टक्के (१८ कॅरेट). १८ कॅरेटच्या दागिन्याला २२ चा भाव लावलाय का, हे बघायला बिलावर एक नजर टाका. मोडताना घट किती टक्के धरणार, हेही घेतानाच विचारून ठेवा.

कॅल्क्युलेटरचं % बटण दाबलं की दुकानातल्या मशीनवर वेगळंच उत्तर येतं, असं का?

प्रत्येक मशीनवर ते बटण वेगळं वागतं, काही फोनवर १२०० − १५% टाकलं की १०२० येतं, काही जुन्या मशीनवर आधी गुणाकार मग % मग वजा असा क्रम लागतो. बटणाच्या नादाला लागू नका. १५ टक्के सूट असेल तर १२०० × ०.८५ टाका, १८ टक्के टॅक्स वाढवायचा असेल तर × १.१८, काढायचा असेल तर ÷ १.१८. सोनाराकडच्या मशीनवर, फोनवर, पोराच्या कंपासपेटीतल्या कॅल्क्युलेटरवर, सगळीकडे तेच येतं.